मुलीचं तिकीट ०,०० युरो, आमच्याकडून घेतले ३०

शाळकरी मूल घेऊन युरोपला निघालं की जो तो पाकीटमारांचे किस्से ऐकवतो. पैशांचा पट्टा कपड्याच्या आत बांधा, बॅग पुढे घ्या, मेट्रोत दाराजवळ उभे राहू नका. सगळं बरोबर आहे. पण आमचं पाकीट कुणी मारलं नाही. आमचे पैसे गेले ते गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या, गोड बोलणाऱ्या माणसांकडे, आणि बहुतेक वेळा मुलीच्या नावावर गेले. तिकडे मुलांना भरपूर ठिकाणी फुकट किंवा निम्म्या पैशांत प्रवेश असतो. आपल्याला ते माहीत नसतं, मधल्या माणसाला चांगलं माहीत असतं. तो फरक तो खिशात घालतो.

आधी रोमचं सांगते, कारण सगळ्यात मोठा फटका तिथे बसला.

आपल्याकडे जूनच्या मध्याला शाळा उघडतात, त्यामुळे जायचं तर मे महिन्यातच. २०२५ च्या मेमध्ये आम्ही रोमला होतो. कोलोसियमची, म्हणजे रोमच्या त्या प्राचीन गोल आखाड्याची, अधिकृत तिकिटं त्या दिवसाच्या ३० दिवस आधी खुली होतात आणि बघता बघता संपतात. आम्ही साइटवर गेलो तेव्हा आम्हाला हव्या त्या दिवशी एकही वेळ शिल्लक नव्हती. तरीही निदान बाहेरून तरी बघू म्हणून गेलो. मेट्रोच्या बी लाइनवर कोलोसेओ स्टेशनातून वर आलं की ती वास्तू एकदम समोर उभी राहते, आणि तिच्या आधी समोर उभे राहतात तिकीट विकणारे.

आमच्या वाट्याला आलेला तरुण नीटनेटका होता. निळा टी-शर्ट, गळ्यात फोटोचं कार्ड, हातात प्लॅस्टिकची फाइल. आम्ही भारतीय हे ओळखून त्याने मोडक्या हिंदीत सुरुवात केली. नवऱ्याशी किंवा माझ्याशी नाही, थेट मुलीशी. सिंह कुठून सोडायचे ते तुला बघायचंय का? ऊन मी म्हणत होतं, मुलगी तहानेने कावली होती, आणि त्याने आधी तिला पाण्याची बाटली दिली. (रोममध्ये रस्तोरस्ती नासोनी म्हणतात ते लोखंडी नळ आहेत, पाणी थंडगार, पिण्याजोगं आणि फुकट. बाटली कुणाकडून घ्यायची गरजच नसते.) मग भाव सांगितला. मोठ्यांचे ६० युरो प्रत्येकी, ‘बेबी’ला निम्मे, ३०. गाइड आहे, रांग नाही, अर्ध्या तासात आत. कार्डचं मशीन बिघडलंय म्हणाला, रोखच द्या. त्याने आमच्या पासपोर्टचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढले. तिकिटावर नावं लागतात हे त्याचं म्हणणं खरं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून कोलोसियमचं तिकीट नावावरच निघतं आणि दारात ओळखपत्र तपासतात. पण आमचे पासपोर्ट त्या मोबाइलमध्ये आजही असणार, याचा विचार केला की बरं वाटत नाही.

अर्ध्या तासाचे सव्वा तास झाले. कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी पंचवीसेक लोकांचा घोळका जमवला. एक बाई आली, कानात घालायची यंत्रं वाटली, पंधरा-वीस मिनिटं भराभर बोलली, सुरक्षा तपासणीच्या रांगेपर्यंत आम्हाला आणून सोडलं आणि यंत्रं गोळा करून गेली. ‘रांग नाही’ ही शुद्ध थाप. सुरक्षा तपासणी सगळ्यांना करावीच लागते, ती कुठल्याही तिकिटाने टळत नाही.

रांगेत उभं असताना मुलगी आपलं तिकीट वाचत बसली. सहावीत आहे, दशांश अपूर्णांक नुकतेच झालेत. म्हणाली, "आई, यांनी पॉइंटच्या जागी कॉमा का दिलाय? आणि माझं शून्य कॉमा शून्य शून्य का आहे?" तिच्या नावाखाली ‘ग्रातुइतो’ (म्हणजे फुकट) आणि ०,०० युरो. आमच्या तिकिटांवर १८,०० युरो. म्हणजे ३६ युरोंची तिकिटं आम्ही १५० युरोंना घेतली होती. इटलीत सरकारी संग्रहालयं आणि पुरातन वास्तूंना १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो, मूल कुठल्याही देशाचं असो. फक्त कोलोसियमसाठी मुलाच्या नावाचं शून्य किमतीचं तिकीट काढावं लागतं. त्याने तेच काढलं आणि ३० युरोंना विकलं.

बाहेर आल्यावर त्याला गाठलं. तो अजिबात गडबडला नाही. तिकीट फुकटच आहे मॅडम, ३० युरो गाइडचे, असं म्हणाला. पावतीवर फक्त ‘सर्व्हिस’ असं लिहिलेलं होतं. जवळच पोलीस होते. त्यांनी पावती पाहिली, खांदे उडवले. सेवा विकली आहे, सेवा दिली आहे, चोरी कुठे आहे? हीच तर मेख आहे. अशी फसवणूक कायद्याच्या कडेकडेने चालते, म्हणून ती दिवसाढवळ्या चालते.

साधी तिकिटं इतक्या झटपट का संपतात याचं कारणही नंतर कळलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे आमच्या जेमतेम महिनाभर आधी, इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने कोलोसियमची तिकिटं पूर्वी विकणारी संस्था आणि काही सहल कंपन्या या सगळ्यांना मिळून जवळजवळ २ कोटी युरोंचा दंड ठोठावला होता. आरोप असा की तिकिटं घाऊक उचलली जात होती, काही बॉट (आपोआप खरेदी करणारे संगणक प्रोग्राम) लावून, आणि लोकांना ती गाइडसकट महाग घ्यावी लागत होती. तेव्हा साइटवर ‘शिल्लक नाही’ दिसलं की हताश होऊ नका, पुन्हा पुन्हा बघत राहा, आणि ३० दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तर तिथे सगळ्यांनाच प्रवेश फुकट असतो. गर्दी मात्र मरणाची.

रात्री हॉटेलवर हाच हिशेब डोक्यात घेऊन मी पुण्याच्या एजंटची फाइल उघडली, आणि झोप उडाली. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची, फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, आणि ६ वर्षांखाली काहीच नाही. मुलगी ११ वर्षांची. एजंटने तिघांची फी सारखीच लावली होती. पैसे व्हिसा केंद्रावर त्याच्याच माणसाने भरले, म्हणून पावती आमच्या हातात कधी आली नव्हती, ती फाइलच्या तळाशी होती. त्यावर मुलीची रक्कम निम्मी. वर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या तिकिटांचेही तिघांचे पैसे घेतलेले. लूव्रला तेव्हा मोठ्यांचं तिकीट २२ युरो होतं आणि १८ वर्षांखालच्यांना काही नाही. फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, तो आपला सर्व्हिस चार्ज आहे. पुढच्या ट्रिपला ॲडजस्ट करतो ना." व्हिसाचा फरक त्याने शेवटी परत केला, तोही पावतीचा फोटो आणि फीचा तक्ता पाठवल्यावर. लूव्रचं अजून ‘ॲडजस्ट’ व्हायचंय.

तर एजंटकडून एकगठ्ठा आकडा घेऊ नका. मुलाचं प्रत्येक तिकीट वेगळ्या ओळीत मागा आणि प्रत्येक ठिकाणच्या अधिकृत साइटवर वयाची अट ताडून बघा, कारण ती जागोजागी बदलते. आयफेल टॉवरला ४ ते ११ वर्षांना साधारण निम्मं तिकीट. रोमच्या बस-मेट्रोत १० वर्षांखाली मोफत. प्रागच्या ट्राम-मेट्रोत १५ वर्षांखाली मोफत, पण वयाचा पुरावा जवळ हवा. लंडनच्या ट्यूबमध्ये ११ वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट जातं. उलट पॅरिसच्या मेट्रोत १० व्या वर्षापासून पूर्ण तिकीट लागतं. आपल्याकडच्या रेल्वेच्या सवयीने १२ धरून चाललात तर तपासनीस दंड करेल, आणि ती फसवणूक नसेल.

पॅरिसला माँमार्त्रच्या टेकडीवर, साक्रे-कर चर्चच्या खालच्या पायऱ्यांपाशी दोरेवाले उभे असतात. त्यांचा धंदा जुना आणि ठाऊक असलेला, तरी सापडतोच माणूस. "इंडिया? नमस्ते! शाहरुख!" करत एकाने हात पुढे केला आणि मुलीने टाळी द्यायला हात दिला. त्याने रंगीत दोऱ्याचा फास तिच्या बोटात अडकवला आणि दुसरं टोक आपल्याकडे धरून वेणी घालायला लागला. बोट दोऱ्यात, दोरा त्याच्या मुठीत. मूल हलू शकत नाही आणि आई-बापही. मनगटाला गाठ मारून झाली की २० युरो. नाही म्हटलं तर आणखी दोघे येऊन उभे राहतात, कुणी अंगाला हात लावत नाही, फक्त उभे राहतात. मुलगी रडवेली झाली तेव्हा नवऱ्याने १० काढून दिले. हे टाळायचं असेल तर बाजूची फ्युनिक्युलर (टेकडी चढणारी रुळांवरची गाडी) घ्या, मेट्रोचंच तिकीट चालतं, किंवा तिच्या कडेने जाणाऱ्या पायऱ्या चढा. आणि मुलांना आधीच बजावून ठेवा, हात खिशात. तीन वाट्यांचा खेळ (गोळी कुठल्या वाटीखाली आहे ते ओळखा), सही मागणाऱ्या मुली, सापडलेली ‘सोन्याची’ अंगठी, या सगळ्याला एकच उपाय, चालत राहणं. वाट्यांच्या खेळाभोवती जिंकून नाचणारे लोक त्यांचेच असतात.

प्रागमध्ये मात्र पैसे परत मिळाले. जुन्या चौकाजवळ ‘० टक्के कमिशन’ लिहिलेल्या, चलन बदलून देणाऱ्या खिडकीत मी १०० युरो दिले. तेव्हा बाजारात एका युरोला २५ कोरुनांच्या (हे चेक चलन) आसपास मिळत होते, हातात आले १८ च्या हिशेबाने. चेक कायद्यात १ एप्रिल २०१९ पासून अशी सोय आहे की १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, कारण न देता, त्याच खिडकीवर रद्द करता येतो. मी पावती आणि कोरुना काचेखालून सरकवले आणि इंग्रजीत एवढंच म्हटलं, तीन तास. बाईने तोंड वाकडं केलं, पण माझी १०० ची नोट परत आली. पावती फेकू नका, तिच्यावर वेळ छापलेली असते. आणि तिथल्या एटीएमने रक्कम रुपयांत बदलून देऊ का असं विचारलं तर नको म्हणा, कोरुनांतच घ्या.