आठवणी रेकॉर्ड करून देणारी सर्व्हिस घेतली, त्याचा अनुभव (पाचपैकी तीन स्टार, तेही पहिल्या दिवसासाठी)

माझी आत्या आता ७८ ची आहे, डोकं एकदम शाबूत, गुडघे तेवढे गेलेत. पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ती १४ वर्षांची होती आणि सगळे नारायण पेठेत नदीकडच्या एका वाड्यात राहायचे. ही गोष्ट आम्ही दर दिवाळीला ऐकतो पण कधीच पूर्ण नाही, कारण बरोब्बर मधेच कुणीतरी हाक मारतं की चकल्या करपतायत. म्हणून यंदा ठरवलं की एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवू. चुलत बहिणीनं एक सर्व्हिस सुचवली, घरी येऊन ज्येष्ठांच्या आठवणी रेकॉर्ड करतात आणि पुस्तिका छापून देतात. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, छोटी टीम आहे, नंतर फोनवर ऐकूनही घेतलं त्यांनी.

पॅकेज १८ हजारांचं. दीड-दीड तासाच्या दोन बैठका, एक व्हिडिओ, ४० पानी पुस्तिकेच्या पाच प्रती आणि पेनड्राइव्ह. महाग आहे का, तर आहे, पण आमच्या घरात यापेक्षा जास्त एका बारशाच्या फोटोंवर गेलेत त्यामुळे त्यावर बोलत नाही.

पहिल्या दिवशी जी मुलगी आली तिला मी दहापैकी दहा देईन. आल्या आल्या माईक नाही काढला, आधी चहा घेतला, मग घरभर कान लावून फिरली. पंखा बंद, घड्याळ दुसऱ्या खोलीत, फ्रिज बंद. कॉलर माईक पदराला लावला तर मंगळसूत्र त्यावर खळ्ळ खळ्ळ वाजायला लागलं, मग तो ब्लाउजच्या खांद्याकडे सरकवला आणि आत्याला म्हणाली, आजी बांगड्या काढू नका, फक्त हात टेबलावर आपटू नका. आत्या खूश. (फ्रिज परत चालू करायला मात्र सगळेच विसरलो, एक लिटर दूध नासलं. पुढच्या वेळी फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे न उघडता घरी जाताच येत नाही, हे तिनंच नंतर हसत सांगितलं, आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.)

आणि प्रश्न! पुराबद्दल पहिला अर्धा तास काहीच विचारलं नाही. वाड्यात बिऱ्हाडं किती, नळ कुठे होता, तुम्ही झोपायच्या कुठे, उशाला कोण असायचं. आत्या बोलत सुटली. मग पुराच्या दिवसावर आली की वडील धावत आले, पाणी येतंय म्हणाले, आणि आईनं निघताना दाराला कुलूप लावलं. ही कुलपाची गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलीये, पुराला कुलूप म्हणून दरवेळी हसतो आणि पुढे जातो. ही मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, किल्ली कुणाकडे होती?

आत्या गप्प. बराच वेळ गप्प. ती मुलगीही गप्प, मान खाली न घालता, नुसती बघत बसली. आणि मग आत्या म्हणाली, किल्ली आईच्या कमरेला होती, दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो तर दार तसंच उभं होतं, कुलूप लावलेलं, आणि शेजारची भिंतच नव्हती. आईनं तरी कुलूप उघडलं आणि दारातूनच आत गेली.

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. माझ्या वडिलांनीही कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र वेगळाच मुलगा आला, हातात छापील प्रश्नांचा कागद. त्यावेळी तुम्हाला कसं वाटलं? आत्या म्हणाली, कसं वाटणार, भूक लागली होती. आमच्या पिढीनं यातून काय शिकावं? यावर ती माझ्याकडे बघायला लागली, हा परीक्षा घ्यायला आलाय का म्हणून. मधेच तो फोनही बघत होता. दीड तासाची बैठक पन्नास मिनिटांत संपली आणि खरं सांगायचं तर तीही ओढूनताणून.

मग महिन्यानं माल आला. पेनड्राइव्हवर २२ मिनिटांचा व्हिडिओ, खाली बासरी. ती शांतता, किल्लीच्या प्रश्नानंतरची, कापून टाकलेली. म्हणजे प्रश्न आला आणि लगेच फाडकन उत्तर, जसं काही आत्या पाठ करून बसली होती. मला तेच सगळ्यात जास्त लागलं. ऑडिओ एमपीथ्रीमध्ये, तोही कापलेलाच, मूळ रेकॉर्डिंग नाहीच.

पुस्तिका दिसायला छान, कागद चांगला, फोटो नीट स्कॅन केलेत. पण भाषा! "त्या काळरात्री मुठा मातेने रौद्र रूप धारण केले." आत्यानं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, अरे रात्र कुठली, दिवसाढवळ्या आलं पाणी. बरोबरच आहे, सकाळी पानशेत गेलं आणि मग दुपारी त्याच्या खालचं खडकवासला धरण. रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती टाकून पानशेतचं धरण धरून ठेवलं म्हणून पाणी दिवसा आलं, आणि म्हणून हे सगळे आज सांगायला आहेत. ती मुठा माता पण कोण बोलतं, आत्या नुसतं नदी म्हणते.

आणि गुरुवार. आत्या कायम सांगते की पूर गुरुवारी आला. १२ जुलै १९६१ ला बुधवार होता, कॅलेंडर काढून बघा. पुस्तिकेत त्यांनी तिच्या तोंडी गपचूप बुधवार घातला. आता चूक सुधारली की, मग तक्रार काय? तक्रार अशी की तिच्या आईचा गुरुवारचा उपास असायचा, आणि पुराच्या दुसऱ्या दिवशी चिखल उपसताना कुणीतरी आमटी-भात वाटत आलं तो आईनं उभ्या उभ्या खाल्ला, उपास मोडून, आयुष्यात एकदाच. आत्याचा पूर म्हणजे तो दिवस आहे, पाण्याचा नाही, चिखलाचा. बुधवार करून टाकल्यावर ते उपासाचं वाक्य अर्थातच जमेना, मग तेही उडवलं. खाली एक तळटीप टाकली असती तर दोन्ही राहिलं असतं ना.

हे काही मी जगावेगळं मागत नाहीये. जात्यावरच्या ओव्या बघा, पुण्यातूनच हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ८० च्या दशकात सुरू केलेलं काम, गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या आणि त्यातल्या काही आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकता येतात. तिथे बाई जे गायली ते तसंच, तिच्या बोलीत, सोबत तिचं नाव आणि गाव. बासरी नाही की काही नाही, आणि कुणी ते शुद्ध करून ठेवलेलं नाही.

तर मी फोन केला आणि मूळ फाइल मागितल्या. आधी म्हणाले आम्ही ठेवत नाही, मग म्हणाले बघतो, तिसऱ्या फोनला मिळाल्या. २४ बिट वेव्ह फाइल, तासाला साधारण एक जीबी, मोठ्या असतात पण हार्ड डिस्क काय महाग आहे आजकाल. एक कॉपी माझ्याकडे, एक बहिणीकडे बंगळुरूला, एक क्लाउडवर. घेणार असाल तर हे आधीच लिहून घ्या की न कापलेला ऑडिओ मिळणार, दोन्ही दिवस तोच माणूस येणार, आणि छापण्याआधी मजकूर ज्याचा आहे त्याला वाचून दाखवणार. शिवाय संमतीचा फॉर्म नीट वाचा, आमच्यात बारीक अक्षरात होतं की तुकडे ते जाहिरातीला वापरू शकतात, ते मी वेळेत खोडलं म्हणून बरं.

मूळ फाइल ऐकताना कळलं की पहिल्या दिवशी संपल्यावरही रेकॉर्डर चालूच राहिला होता. चहाचे कप, नासलेल्या दुधावरून आरडाओरडा, आणि मग आत्या त्या मुलीला २० मिनिटं सांगतेय की पुरानंतर कोणत्या नातेवाइकानं घरात घेतलं आणि कोणी दार लावून घेतलं. नावानिशी. अर्थात हे चालू आहे हे तिला माहीत नव्हतं, म्हणून मी जाऊन तिला हेडफोन लावून सगळं ऐकवलं आणि विचारलं, ठेवू की पुसू. पूर्ण ऐकलं तिनं, मधे दोनदा स्वतःच हसली. मग म्हणाली, ठेव, पण काकूचं तेवढं काढ, ती गेली तरी तिची सून अजून मला दर संक्रांतीला फोन करते.