सिल्क थ्रेड बांगड्यांचं घरबसल्या काम, आमचे साडेतीन हजार कसे गेले बघा

सोलापुरातल्या मैत्रिणींनो, "घरबसल्या हॅन्डमेड बांगड्या बनवा, माल आम्हीच परत घेणार" अशी जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरतीय ना, त्यात मी अडकले म्हणून लिहितेय.

जुळे सोलापूरला एक गाळा, टेबल, रजिस्टर, बाई एकदम गोड बोलणारी. 3500 डिपॉझिट भरायचं, किट घ्यायचं, 2 बांगड्यांचा एक सेट असे 50 सेट करून द्यायचे, सेटला 60 रुपये आणि तिसऱ्या लॉटला डिपॉझिट परत. सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्यात, त्या ऐकल्या ऐकल्या म्हणाल्या, "अगं, आम्हाला पान-तंबाखू कारखान्यातनं मिळायची, काम देणारा कधी पैसे मागतो व्हय?" मी म्हटलं आई, आता जमाना वेगळाय. लगेच जीपे केलं.

खरं सांगू, काम करताना मजा आली हो. सासूबाई रेशमी धागा दाराच्या कडीला अडकवून 20-20 पदर सारखे करून द्यायच्या, मी बांगडीवर पीळ न पडू देता सपाट गुंडाळायची (पीळ पडला की खालचं प्लॅस्टिक दिसतं), आणि तिसरीतली लेक चिमट्याने कुंदन चिकटवायची. पण किटमधला गम वाळला की मरून धाग्यावर पांढरे डाग पडायचे. मी फोन करून विचारलं तर "चालतंय ताई, 2 सेटचा फोटो टाका, ॲप्रूव्ह करते", टाकला, ॲप्रूव्ह पण झाला.

आणि माल घेऊन गेले तर 50 पैकी 4 पास! कारण काय, तर गमचे डाग. गम त्यांचाच! त्या 4 सेटचे 240 रुपये पण हातात नाही दिले, म्हणे खात्यात जमा, आता 1500 भरून दुसरं किट न्या. घरी सांगितलं तर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "छाट काढली." विड्यांत पण असंच, नापास विड्यांची मजुरी नाही, पण निदान आधी खिशातनं तरी काही जात नव्हतं. नंतर मधला मारुतीच्या बाजारात जाऊन भाव काढले तर तेवढंच सामान 800 च्या आत. म्हणजे बाईचा धंदा बांगड्यांचा नव्हताच, किट विकायचा होता.

15 दिवसांनी गेले तर शटर बंद, नंबर बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार पण टाकली, पण पैसे जाऊन महिना होत आला होता. लगेच केला असता तर समोरच्या खात्यात पैसे अडकवता येतात, मी लाजेपायी गप्प बसले. पावती पण नव्हती, नुसता जीपेचा स्क्रीनशॉट.

काल नणंदेने एक जाहिरात पाठवली, नाव वेगळं, नंबर वेगळा, "वहिनी हे करू का" म्हणून. फोटोत मरून बांगड्यांचे 2 सेट, खाली आमच्या दिवाणावरची मोराची चादर.