पगार 80 हजार की 75 हजार? पीएफची नोंद करायच्या तीन पद्धती

भाचीला ऐरोलीत नोकरी लागली. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी तिने सॅलरी स्लिपचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हिशेबात पगार किती लिहू? 80 की 75?" मी ठाण्याला दहा नंबरवर वाशी लोकलची वाट बघत होतो. एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून हे सविस्तर.

आधी तिची स्लिप. बेसिक 40,000, घरभाडं आणि बाकीचे भत्ते मिळून आणखी 40,000. कपातीत पीएफ 4,800, म्हणजे बेसिकच्या 12 टक्के, आणि प्रोफेशनल टॅक्स 200 (फेब्रुवारीत 300). नव्या करप्रणालीत तिला टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा आयकर) लागत नाही. बँकेत आले 75,000. शिवाय कंपनी स्वतःच्या वाट्याचे 4,800 भरते, ते सीटीसीत (कंपनीला एका माणसामागे येणाऱ्या एकूण खर्चात) असतात पण हातात येणाऱ्या रकमेत कुठेच दिसत नाहीत.

पहिली पद्धत: बँकेत आलं तेवढंच लिहा

75,000 जमा, विषय संपला. बँकेचे एसएमएस वाचून खर्च मांडणारी मोबाइल ॲप्स हेच करतात, कारण त्यांना दुसरं काही दिसतच नाही. महिन्याचा खर्च कुठे जातो एवढंच बघायचं असेल तर ही पद्धत पुरते, त्यात कमीपणा काही नाही.

पण बचत मोजायला बसलात की फसता. भाचीचा खर्च 60,000 धरा. या हिशेबात ती 75 हजारांतले 15 वाचवते, म्हणजे 20 टक्के. प्रत्यक्षात पीएफमध्ये दरमहा 9,600 पडतायत. ते धरले तर 84,800 च्या मिळकतीत बचत 24,600 होते, म्हणजे 29 टक्के. वर्षाला 1,15,200 रुपये वहीबाहेर राहतात, व्याज वेगळंच.

दुसरी: हातात आलेला पगार लिहा, पीएफ वर्षातून एकदा

दरमहा 75,000 लिहायचे. पीएफचं खातं मालमत्तेत वेगळं उघडायचं आणि पासबुक बघून वर्षाला एकदा तिथला आकडा बदलायचा. एक्सेलवाल्यांना सोयीची. ज्यांची कंपनी बेसिक कितीही असलं तरी 15,000 च्या मर्यादेवरच पीएफ कापते, म्हणजे महिना 1,800, त्यांनी डोक्याला याहून जास्त ताप करून घेऊ नये असं माझं मत. तोटा एकच, पण मोठा: मधल्या अकरा महिन्यांत काही बिघडलं तर कळत नाही. त्याची गोष्ट पुढे येईल.

तिसरी: स्लिप फोडून लिहा

ग्नूकॅश किंवा केमायमनी या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच व्यवहाराच्या अनेक ओळी करता येतात. भाचीची नोंद अशी:

उत्पन्न, पगार: 80,000
उत्पन्न, कंपनीचा पीएफ: 4,800
बँक: 75,000
पीएफ येणे: 9,600
खर्च, प्रोफेशनल टॅक्स: 200

वरच्या दोन ओळी 84,800, खालच्या तीन 84,800. जुळलं. एकदा बसवून शेड्यूल केलं की दरमहा दोन मिनिटांचं काम.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे 4,800 'कपात' नावाच्या खर्चात टाकणं. स्लिपवर कपात लिहिलंय म्हणून तो खर्च होत नाही. प्रोफेशनल टॅक्स गेला तो गेला, पीएफ तुमचाच आहे, फक्त खिसा बदलला. दुसरी चूक मी स्वतः केलेली: उत्पन्न 75,000 लिहिलं आणि वर बँकेतून पीएफकडे 4,800 ची बदली दाखवली. बँकेत तेवढे पैसे कधी आलेच नव्हते, त्यामुळे वहीतली शिल्लक दरमहा 4,800 ने कमी. तीन महिने मी एटीएमच्या पावत्या शोधत होतो.

आता 'पीएफ येणे' या ओळीबद्दल, कारण माझ्या मते सगळी पद्धत तिच्यासाठीच करायची. पगार आज होतो, पण त्या महिन्याचा पीएफ भरायला कंपनीला पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मुदत असते. म्हणून रक्कम थेट पीएफ खात्यात न टाकता आधी येण्यात ठेवायची, आणि पासबुकात दिसली की तिकडे न्यायची. येणं शून्यावर आलं की समजायचं पैसे पोचले.

महापेला मी एका कंपनीत होतो. स्लिपवर पीएफ नियमित कापलेला दिसायचा. तेव्हा मी दुसऱ्या पद्धतीवाला, मार्चनंतर पासबुक उघडलं तर पाच महिने कोरे. नंतर तक्रारी, फेऱ्या, मेल, आणि बऱ्याच उशिराने भरणा झाला. येण्याचं खातं असतं तर दुसऱ्याच महिन्यात तिथे दोन हप्ते साचलेले दिसले असते.

पेन्शनचे 1,250 कुठे लिहायचे?

माझ्यासारख्या जुन्या सभासदांच्या बाबतीत कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के ईपीएसला (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेला) जातात, पण 15,000 च्या मर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त 1,250. तेवढ्याच बेसिकवर पीएफमध्ये मग 4,800 ऐवजी 3,550 च येतात. भाचीचं तसं नाही. 1 सप्टेंबर 2014 ला किंवा त्यानंतर पहिल्यांदाच सभासद झालेल्या आणि 15,000 च्या वर बेसिक असलेल्या माणसाला ईपीएस लागू नाही, म्हणून तिचे पूर्ण 4,800 पीएफमध्ये. दुसऱ्याची स्लिप बघून नोंद बसवू नका, स्वतःचं पासबुक बघा.

हे 1,250 मी मालमत्तेत धरत नाही. पासबुकात वेगळा रकाना असतो, पण त्यावर पीएफसारखं व्याज चढत नाही. पेन्शन ठरते ती नोकरीची वर्षं आणि पेन्शनपात्र पगार यांच्या सूत्रावर. साठलेल्या रकमेशी तिचा थेट संबंध नाही. नोकरी बदलल्यावर पीएफ नव्या पासबुकात येतो आणि पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं, तेव्हाही घाबरू नये. तिथे सेवेची वर्षं पुढे जातात. आणि हो, अशी बदली झाली की ती मालमत्तेतून मालमत्तेत लिहायची. उत्पन्नात लिहिलीत तर त्या वर्षी उगाच श्रीमंत व्हाल.

व्याज महिन्याच्या शिलकीवर मोजतात, पण जमा वर्षातून एकदाच होतं (2023-24 आणि 2024-25 साठी 8.25 टक्के). पासबुकात उशिरा उमटलं तरी मी तारीख 31 मार्चच टाकतो. स्वतःचा आणि कंपनीचा वाटा उपखात्यांत वेगळा ठेवलात तर बरं, कारण आपला वाटा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला की वरच्या रकमेचं व्याज करपात्र होतं. भाचीचे 57,600, तिला एवढ्यात काळजी नाही.

एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर ते पीएफसारखं लिहू नका. तिथे युनिट्स मिळतात, म्हणून म्युच्युअल फंडासारखं खातं उघडा आणि एनएव्ही (एका युनिटचा भाव) भरा.

भाचीला मी तिसरी पद्धत सांगितली, ग्नूकॅशमध्ये. खर्चासाठी तिचं मोबाइल ॲप चालूच आहे. पुढच्या महिन्याच्या 19 तारखेला तिचा मेसेज आला, "मामा, येणे शून्य."