टोमॅटो सँडविच: संकरित की गावठी?
उन्हाळ्यात गॅस न पेटवता होणाऱ्या टोमॅटो सँडविचला ब्रेड, लोणी, हिरवी चटणी आणि मीठ एवढाच लवाजमा लागत असल्याने टोमॅटो कोणता घेतला यावरच त्याची चव ठरते. सर्रास मिळणारा लांबट संकरित टोमॅटो जाड सालीचा व घट्ट गराचा असतो. त्याच्या चकत्या सुबक पडतात आणि डब्यातला ब्रेड लवकर भिजत नाही, म्हणून डब्यासाठी तोच बरा, जरी त्याच्या फिकेपणाला चाट मसाल्याचा आधार द्यावा लागत असला तरी.

घरी लगेच खायचे असेल, तर मात्र माझी पसंती निःसंशय चपट्या, कडांना खाचा असलेल्या गावठी टोमॅटोला. तो आंबट आणि रसाळ असतो. सुरी जरा बोथट असली की त्याचा लगदा होतो, हे खरे. मीठ पडताच चकतीला पाणी सुटते, म्हणून ब्रेडच्या दोन्ही स्लाइसना कडेपर्यंत लोणी लावावे, जेणेकरून त्या स्निग्ध थरामुळे रस आत मुरणार नाही, आणि मीठ-मिरपूड अगदी शेवटी भुरभुरावी. पिकलेला टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवल्यास त्याचा वास मंदावतो. गावठीच्या बाबतीत हे नुकसान अधिक जाणवते.