आयडब्ल्यूसी मार्क २०: एका नजरेत वाचता येणारं वैमानिकी घड्याळ

ओझरला सुखोई लढाऊ विमानं जोडली जातात, त्यामुळे विमानाचं वेड नाशिकला नवं नाही. आयडब्ल्यूसी या स्विस घड्याळ कंपनीच्या ‘पायलट्स वॉच मार्क २०’बद्दल इथे विचारणा होते ती बहुधा त्याच ओढीने. हे घड्याळ घ्यावं ते तबकडीसाठी.

त्या तबकडीचं मूळ १९४८ च्या मार्क ११ मध्ये आहे. ब्रिटिश हवाई दलासाठी बनलेलं ते ३६ मि.मी.चं घड्याळ. तारीख नाही, शोभेचं काही नाही. आतल्या यंत्राभोवती नरम लोखंडाची डबी होती, कारण कॉकपिटमधल्या उपकरणांचं चुंबकीय क्षेत्र यंत्राची चाल बिघडवायचं. चावी (कडेची वेळ लावायची गुंडी) ओढली की सेकंदकाटा थांबायचा आणि सगळ्यांना घड्याळं एका सेकंदावर जुळवता यायची. बाराच्या जागी त्रिकोण असतो तो घाईत घड्याळाची वरची बाजू चटकन कळावी म्हणून.

मार्क २० हे २०२२ चं. केस ४० मि.मी., जाडी १०.८, वरच्या शिंगापासून (पट्टा जिथे अडकतो ते टोक) खालच्यापर्यंत सुमारे ४९ मि.मी. मनगट साडेसहा इंचांपेक्षा बारीक असेल तर आधी हातावर घालून बघाच. ३२१११ हे स्वयंचलित, म्हणजे हाताच्या हालचालीने चावी भरणारं यंत्र पूर्ण भरल्यावर १२० तास चालतं; शुक्रवारी काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळी चालूच सापडतं. पाण्याचा दाब १० बारपर्यंत सोसतं. खटकतं एवढंच, की तारखेच्या खिडकीने ३ चा अंक खाल्लाय. मार्क ११ ची अखंड तबकडी पाहिलेल्याला ते टोचतंच.

आता वापराचं. चावी आट्यांची आहे. बंद करताना आधी किंचित उलटी फिरवा, आटा बसल्याचं बोटाला जाणवलं की मगच हलक्या दाबाने सुलटी फिरवा. जोर लावून तिरकी बसवली तर आटे खराब होतात आणि पुढे तिथूनच पाणी शिरतं. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख हाताने बदलू नका. तेव्हा तारखेची दातेरी चाकं गुंतलेली असतात. गोदावरीत डुबकी मारायची असेल तर चामड्याचा पट्टा काढून रबरी लावा. पट्टा अवजाराविना, कळ दाबून निघतो, पण ही कळ कंपनीची स्वतःची आहे, बाजारातला साधा पट्टा त्यावर बसत नाही.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त जपावी. ग्राइंडिंग मशीनच्या मॅग्नेटिक चकजवळ (लोखंडी वस्तू चुंबकाने धरून ठेवणारी बैठक) हात नेताना घड्याळ काढून ठेवा. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाचा वेग ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटले की ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटंसुद्धा पुढे पळू शकतं. घड्याळ एकाएकी पुढे जायला लागलं तर साधं होकायंत्र त्याच्या शेजारी धरा. सुई हलली, तर घड्याळजीकडून आधी डीमॅग्नेटाइझ करून, म्हणजे चुंबकत्व काढून घ्या. काही सेकंदांचं काम आहे. ते न करता कुणी थेट यंत्र खोलायला निघालं, तर त्याला थांबवा.