झटका मशीन की जाळी: शेतावरच्या कुत्र्यासाठी कुंपण निवडताना

नागपूरहून उमरेड रस्त्याने निघाल्यावर पाचगावच्या पुढे आमची दोन एकर जमीन आहे. माती काळी, आकार साधारण चौकोनी आणि सभोवतालचा धुरा, म्हणजे बांध, मोजला तर १,१८० फुटांच्या आसपास भरतो. तिथे भुऱ्या नावाचा एक गावठी कुत्रा आहे आणि त्याला आवारात ठेवण्यासाठी पुढे सांगितलेल्या उपायांपैकी एक सोडून बाकी सर्व मी स्वतः पैसे मोजून करून पाहिले आहेत. शहरालगत एक-दोन एकर घेऊन शनिवार-रविवार तिथे जाणाऱ्या आणि उरलेले दिवस सालदाराच्या भरवशावर काढणाऱ्यांना यातील काही उपयोगी पडावे. मोठी शेती असणाऱ्यांचा आणि चोवीस तास शेतावर राहणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो, हे आधीच मान्य करतो.

शेतावरचा कुत्रा मोकळाच बरा, असे मीही पूर्वी म्हणत असे. ते मत बदलले ते शेजारच्या शेतांमुळे. रानडुकरांसाठी काही जण अजूनही खांबावरची वीज थेट तारेत सोडतात. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातील ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच तारेला लागून मेला. जिथे वाघ वाचला नाही तिथे कुत्र्याची काय कथा. शिवाय आपल्या कुत्र्यापासून लोकांना इजा होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे गुन्हा आहे, आणि धुऱ्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या मागे भुंकत धावणे हा भुऱ्याचा आवडता उद्योग होता.

सर्वांत स्वस्त उपाय काट्यांचा. बोरी-बाभळीच्या फांद्या रचून केलेली कुपाटी पहिल्या वर्षी खरोखर चांगली असते. दुसऱ्या वर्षी उधळी (वाळवी) लागते, फांद्या खाली बसतात, आणि कुत्र्याला जाण्यापुरते भोक कुठे आहे हे आपल्या आधी कुत्र्याला कळते. मेअखेरीला अशी वाळलेली रास आवाराभोवती असणे मला सुरक्षितही वाटले नाही, कारण त्याच दिवसांत लोक धुरे पेटवतात. सागरगोटा, करवंद किंवा घायपात यांचे जिवंत कुंपण सुंदर होते, परंतु ते दाट होईपर्यंत दोन-तीन पावसाळे थांबावे लागते आणि कुत्रा तर आजच आणलेला असतो.

दोन झाडांमध्ये पोलादी तार ताणून तिच्यावर पुली आणि पुलीला साखळी, अशी धावती तार हा त्याहून बरा मार्ग आहे. आमच्याकडे कडुनिंब आणि आंबा यांच्यामध्ये सुमारे साठ फूट जागा मिळाली. तार डोक्याच्या वर असावी, दोन्ही टोकांना झाडापासून चार-पाच फूट अलीकडे अडसर असावा, म्हणजे कुत्रा खोडाभोवती गुंडाळून घेत नाही, आणि साखळीला भोवरकडी, म्हणजे पीळ पडू न देणारी फिरती कडी, असावी, एवढी पथ्ये पाळली तर काम होते. तास-दोन तासांसाठी, पाहुणे आले असताना किंवा ट्रॅक्टर आत घ्यायचा असताना, मी ती आजही वापरतो. दिवसभराची सोय म्हणून मात्र मला ती पटली नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हयगय करणे, या दोन्ही गोष्टी गुन्हा म्हणून आलेल्या आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी आमच्या भागात बिबट्या आहे, आणि बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला वाढून ठेवलेले ताट.

जमिनीत पुरलेली तार आणि तिच्याजवळ जाताच गळ्यात धक्का देणारा पट्टा हा उपाय मी केवळ इतरांकडे पाहिला आहे, त्यामुळे त्याबद्दल जपून बोलतो. काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते आणि अशा मातीत पुरलेली बारीक तार ताणून तुटण्याचा धोका असतो. मोठी अडचण अशी की हे कुंपण फक्त पट्टा घातलेल्या कुत्र्यापुरते आहे; बाहेरून येणाऱ्या भटक्या कुत्र्यांना आणि डुकरांना त्याचा पत्ताही नसतो. डुकराच्या मागे भरात धावताना कुत्रा धक्का सोसून बाहेर जातो आणि भर ओसरल्यावर तोच धक्का पुन्हा खाऊन आत यायला तयार होत नाही.

आता मुख्य दोन पर्याय. माझ्याकडे आधी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारे यंत्र, आले, कारण रानडुकरांसाठी तीन तारा अगोदरच होत्या आणि त्यांच्या खाली कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर, जमिनीपासून आठ इंचांवर, आणखी एक तार ओढली की झाले, असा हिशेब मी केला. यंत्राची रचना बहुतेकांना ठाऊक असते: बारा व्होल्टची बॅटरी, वर सौर पॅनल आणि साधारण दर सेकंदाला एक ठोका, ज्याचा दाब हजारो व्होल्टचा पण काळ इतका क्षणिक की जनावर दचकते, मरत नाही. भुऱ्याने पहिल्याच दिवशी तारेला नाक लावले, किंचाळून गोठ्यात जाऊन बसला आणि नंतर तीन महिने धुऱ्याच्या दहा फूट अलीकडूनच फिरत राहिला. दोन एकर मोकळे रान त्याला मिळाले आणि खर्चही बेताचा झाला. मार्च महिन्यात कोणी विचारले असते तर मी डोळे झाकून झटका मशीन घ्यायला सांगितले असते.

पाऊस सुरू झाल्यावर मला त्या आठ इंचांचा अर्थ कळला. मृगात तरोटा (टाकळा) उगवतो, आषाढात तो वीतभर होतो आणि श्रावणात गुडघ्याला लागतो. त्याच्या बुडाशी हरळी आणि कुंदा पसरलेले असतातच. ओले गवत तारेला टेकले की वीज तिथूनच जमिनीत उतरू लागते. एका ताटाने काही बिघडत नाही, परंतु १,१८० फुटांवर अशी हजारो ताटे टेकल्यावर तारेत जो ठोका उरतो त्याला कुत्रा जुमानत नाही. डुकरांसाठी लावलेल्या वरच्या तारांना गवत उशिरा पोहोचते, म्हणून ज्यांनी झटका केवळ पिकासाठी घेतला आहे त्यांना हा त्रास इतका जाणवत नसावा. कुत्र्यासाठी लागणारी खालची तार मात्र गवताच्या तोंडीच असते.

ते गवत काढायचे कसे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गवत कापणीच्या यंत्राने कापायला गेलो तर फिरणारी नायलॉनची दोरी तारेत अडकते. तणनाशक मारण्याचे माझ्या मनाला येईना, कारण पोट बिघडले की भुऱ्या नेमके त्याच धुऱ्यावरचे गवत खातो. उरला विळा आणि खुरपे. मशीन बंद करायचे, चिखलात उकिडवे बसायचे, डाव्या हाताने तार किंचित वर धरायची, उजव्या हाताने बुडातून गवत काढायचे आणि बेडकासारखे दोन फूट पुढे सरकायचे. त्या वर्षीचे श्रावणातले चारही रविवार माझे असे गेले. ज्या टोकापासून सुरुवात केली तिथे परत येईपर्यंत हरळी पुन्हा तारेला भिडलेली असे.

यात भर म्हणून यंत्राला भोंगा होता. दाब कमी झाला की तो वाजतो, आणि पावसाळी रात्री दाब कमीच असतो. दोन रात्री सहन केल्यावर सालदाराने भोंग्याची तार काढली. त्याला दोष देता येत नाही, झोप त्याची मोडत होती. परिणामी, कुंपण निकामी झाल्याचे सांगणारे कोणीच उरले नाही. एका सोमवारी सकाळी त्याचा फोन आला, “भाऊ, मशीन तं टकटक करून रायली, पण कुत्रं गेलं ना धुऱ्यापल्याड.” भुऱ्या संध्याकाळी परतला तेव्हा त्याच्या कानाला कुणीतरी चावलेले होते. पुढे तो तारेजवळ जाऊन मान तिरकी करून उभा राहत असे आणि मगच खालून जायचे की नाही हे ठरवत असे. तो आवाज ऐकून अंदाज बांधत होता, अशी माझी समजूत आहे. ती चुकीचीही असेल.

पावसाळा संपला की हा त्रास संपेल, अशी आशा होती आणि हिवाळा खरोखर सुखात गेला. पण एप्रिल-मे उलट्या बाजूने आले. झटका बसायचा तर वीज तारेतून जनावराच्या अंगात, अंगातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईपर्यंत परतली पाहिजे. पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना भेगाळलेली कोरडी ढेकळे वीज वाहून नेईनात. सळईभोवती मीठ-कोळसा भरून रोज पाणी ओतले, एक तार सोडून एक तार अर्थिंगला जोडून पाहिली. परंतु या दुसऱ्या युक्तीत जनावराला दोन तारा एकदम लागाव्या लागतात. अंगाने भिडणाऱ्या डुकराला ते घडते, नाकाने चाचपणाऱ्या कुत्र्याला क्वचितच.

यानंतर मी जाळीकडे वळलो. जाळीला आजवर नकार होता तो खर्चामुळे, आणि तो नकार चुकीच्या हिशेबावर उभा होता. मी सबंध दोन एकरांचा परिघ धरत होतो. प्रत्यक्षात घर, गोठा, विहीर आणि कडुनिंबाची सावली एवढे आत आले तरी कुत्र्याला पुष्कळ होते. साठ फूट बाय साठ फूट, म्हणजे सव्वातीन गुंठ्यांहून किंचित अधिक जागेला अवघी २४० फूट जाळी लागते, पूर्ण परिघाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या लोहा ओळीत जाळी किलोवर मिळते, त्यामुळे उंची आणि तारेची जाडी यांवर बिल ठरते. मी पाच फूट उंच, तीन इंची चौकड्याची, बारा गेजची घेतली. दहा गेजची (गेजचा आकडा लहान तशी तार जाड) अधिक टिकली असती, परंतु गावठी कुत्र्याला बारा पुरते. मोठा, दातांनी तारा ओढणारा कुत्रा असेल तर दहाचा विचार करावा. झटक्यापेक्षा खर्च जास्त आला, हे खरे आहे. पण त्या तुलनेत माझे रविवार धरलेले नाहीत.

काळ्या मातीत जाळीलाही खोड आहेच. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि नुसत्या मातीत रोवलेला सिमेंटचा खांब दुसऱ्या उन्हाळ्यात दारुड्यासारखा कलतो. सात फुटी खांब दोन फूट खोल, खड्ड्यात भोवती काँक्रीट आणि कोपऱ्यांना तिरपे टेकू, एवढे केल्यावर आमचे चोविसांपैकी दोनच कलले. दुसरी खोड कुत्र्याची. जाळी टांगून तीन दिवस झाले नाहीत तोच भुऱ्याने कडुनिंबाच्या बाजूने खालून उकरून वाट केली.

त्यावर उपाय स्वस्त निघाला. दोन फूट रुंदीची जाळीची पट्टी आतल्या बाजूने जमिनीवर आडवी पसरायची, उभ्या जाळीला बाइंडिंग वायरने बांधायची आणि तिच्यावर मुरूम टाकायचा. कुत्रा नेहमी अगदी कडेलाच उकरतो, तिथे नखांना तार लागते, आणि दोन फूट मागे सरून तिथून बोगदा काढावा हे त्याला सुचत नाही. निदान आमच्या भुऱ्याला सुचलेले नाही. पहिल्या पावसात या पट्टीतून हरळी आणि तरोटा वर आले आणि मी सवयीने खुरपे घेऊन बसलो. मग लक्षात आले की इथे काहीच काढायचे नाही, उलट मुळ्यांनी जाळी मातीशी शिवून टाकली आहे. आता ती पट्टी ओढूनही निघत नाही.

जाळीचे उणे सांगायचे तर दोन एकरांचे रान गेले, आणि रात्री शेतात डुकरे आली की भुऱ्या आतूनच भुंकतो. बिबट्याला पाच फूट म्हणजे काहीच नाही, म्हणून अंधार पडल्यावर भुऱ्याला गोठ्यालगतच्या विटांच्या खोलीत लोखंडी दार लावून ठेवतो; टिनाच्या खुराड्यात नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कुत्रा भाजून निघेल, तो विचार करू नये. ज्यांची जमीन मुरमाड आहे, गवत कमी वाढते आणि रोज तारेखालून फिरणारा माणूस हाताशी आहे, त्यांना झटकाच सोयीचा वाटण्याची शक्यता मी नाकारत नाही. आमच्या धुऱ्यावरही तो आहे, पण वरच्या तीन तारांपुरता आणि पिकासाठी. आठ इंचांवरची तार मी सोडवून घेतली आणि आता तिच्यावर कपडे वाळतात.

जाळी घेणाऱ्याने फाटकाकडे मात्र आधी पाहावे. मी सर्वांत शेवटी पाहिले. ट्रॅक्टरच्या चाकोरीमुळे फाटकाखाली पावसाळ्यात सहा इंच फट पडली आणि भुऱ्या पोट घासत तिथून निघाला. भंगारातून आणलेला जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचा तुकडा फाटकाच्या खालच्या पट्टीला नटबोल्टने लावला आहे. तो चाकोरीत लोंबतो, फाटक उघडताना जमिनीवर घासतो आणि त्या घासण्याचा आवाज ऐकून भुऱ्या आवाराच्या कुठल्याही टोकाला असला तरी धावत येऊन फाटकाशी उभा राहतो, त्यामुळे गाडी आत घेताना एकाने खाली उतरून त्याचा पट्टा धरावा लागतो.