टर्बो गेलाय म्हणाले आणि मी प्रीमियम टर्बो घेऊन बसलो

हे लिहायला सहा महिने लागले कारण खरं सांगायचं तर लाज वाटत होती. गाड्यांतलं आपल्याला कळतं असं चारचौघात मिरवणारा माणूस मी, आणि मलाच टोपी घातली गेली, तीही अशी की डोक्याचं माप मीच नेऊन दिलं होतं.

गाडी डिझेल, सव्वा लाख किलोमीटरच्या वर पळालेली. चढाला पिकअप गेला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून फुस्स, मागून काळा धूर, आणि एक दिवस चेक इंजिनचा दिवा लागून गाडी लिंप मोडमध्येच गेली, म्हणजे इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करून चालायला लागलं. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कोड आला पी ०२९९. आता हा कोड एवढंच सांगतो की टर्बोकडून (इंजिनमध्ये हवा कोंबणारा पंखा) इंजिनला पाहिजे तेवढा बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, मिळत नाहीये, का मिळत नाहीये ते सांगत नाही. फाटलेला होस (रबरी पाइप), सैल क्लॅम्प, व्हॅक्यूमची नळी, काजळीने अडकलेल्या व्हेन्स (टर्बोतल्या, एक्झॉस्टचा झोत वळवणाऱ्या पट्ट्या), काहीही असू शकतं. पण त्याने इनलेटचा पाइप काढला, टर्बोच्या तोंडात दोन बोटं घातली आणि मधली शाफ्ट हलवून दाखवली. टक टक हलली. "बघा साहेब, बेअरिंग संपली. चालत्या गाडीत तुटली तर तुकडे थेट इंजिनमध्ये." माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं थांबा जरा, व्हिडिओ काढतो. त्याने हौसेने परत हलवून दाखवली, मी जवळून शूट केलं.

तर ही शाफ्ट हलवून दाखवायची जी युक्ती आहे ना, ती नीट समजून घ्या. साध्या जर्नल बेअरिंगच्या टर्बोत शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगते, मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारते. इंजिन बंद असताना ऑइलचं प्रेशर नसतं, त्यामुळे ती बाजूला थोडी हलणारच, नव्या टर्बोतही हलते. बघायचं असतं ते वेगळंच. शाफ्ट धरून आत-बाहेर ढकलायची, त्या दिशेला हाताला जाणवेल एवढी हालली तर गडबड. पाती हाउसिंगला घासल्याच्या खुणा असतील तर गडबड. निळा धूर येत असेल, ऑइल कमी होत असेल तर शंका घ्यायला जागा. माझ्या गाडीत यातलं काहीच दिसत नव्हतं आणि आत-बाहेर तर त्याने ढकलूनच बघितलं नाही.

आता माझा शहाणपणा ऐका. तो बिचारा साधा टर्बो टाकू म्हणत होता. प्रीमियम हा शब्द पहिल्यांदा माझ्या तोंडून आला. बरेच दिवस रात्री जागून वाचत होतो, डोक्यात नुसतं बॉल बेअरिंग आणि बिलेट व्हील घोळत होतं, म्हटलं एवढा खर्च होतोच आहे तर चांगलाच टाकू, तुमच्याकडे बॉल बेअरिंगवाला मिळेल का? तो दोन सेकंद थांबला. "मिळेल ना साहेब, मागवावा लागेल." किंमत कंपनीच्या नव्या टर्बोच्या जवळजवळ अडीचपट. मी मान डोलावली.

माल अस्सल मिळाला असता तरी हा निर्णय गाढवपणाचाच होता. बॉल बेअरिंगने टर्बो जरा लवकर फिरायला लागतो आणि जास्त बूस्टचा ताण सोसतो, बिलेट व्हील म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर कोरून काढलेलं, ओतीव चाकापेक्षा मजबूत, हे सगळं खरंच आहे. पण माझ्या गाडीत बूस्ट किती ठेवायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो, सेन्सर बघून व्हेन्स उघडझाप करून ठरलेला आकडा धरून ठेवतो. मॅप (ईसीयूमधली सेटिंग) तोच, इंजेक्टर तेच, तर टर्बो कितीही भारी लावा, बूस्ट तेवढाच राहणार. ज्याला मॅप, इंजेक्टर, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), क्लच सगळंच बदलून पॉवर वाढवायचीय त्याने जरूर घ्यावा, तिथे ते पैसे दिसतात. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला नाही. आणि मोठ्या चाकाचा घेतलात तर खालच्या आरपीएमला गाडी आणखी सुस्त, ते वेगळंच.

असो. चार दिवसांनी गाडी मिळाली. टर्बो चकाचक, वर ब्रँडची प्लेट. जुना टर्बो मागितला तर म्हणे बदल्यात गेला, म्हणून तर एवढ्यात बसला. बिलात "टर्बो असेंब्ली, १ नग", सीरियल नंबर नाही, मीही विचारला नाही. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याचं बिलात नव्हतं. तिथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती, कारण नवा टर्बो जुन्या ऑइलवर कोणी शहाणा मेकॅनिक चालवत नाही. पण गाडी काय पळत होती! मी मित्रांना फेऱ्या मारून आणल्या, स्पूल (टर्बोचा वेग धरणं) कसा लवकर होतो ते समजावून सांगितलं. आठवलं की अजून कान गरम होतात.

तीन आठवड्यांनी परत फुस्स. परत तोच कोड.

या वेळी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने स्कॅनर बाजूला ठेवला, इनटेकमध्ये (इंजिनकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत) कमी प्रेशरने हवा भरली आणि ब्रशने सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावत गेला. इंटरकूलरच्या होसला खालच्या बाजूने, क्लॅम्पच्या अगदी कडेला, बोटाच्या पेराएवढी चीर होती. तिथून फेस आला. मागच्या वेळी पाइप परत बसवताना क्लॅम्प नेमका त्या चिरेवर आवळला गेला असणार, म्हणून तीन आठवडे गाडी पळाली, मग हळूहळू चीर लांबत बाहेर आली.

मग त्याने टर्बोत टॉर्च मारला, शाफ्ट हलवली. टक टक. "हा बॉल बेअरिंग वाटत नाही हो. त्यात सहसा एवढा खेळ नसतो." पातीही खरबरीत, ओतीव. प्लेटचं एक टोक नखाने उचललं तर खाली गोंद, आणि गोंदाखाली घासून काढलेला नंबर. मला वाटलं, डुप्लिकेट माल गळ्यात मारला. मग सहज मोबाईलमधला तो जुना व्हिडिओ काढला आणि दोघं शेजारी शेजारी धरून बघायला लागलो. व्हिडिओतल्या एका पातीच्या टोकाला अर्धचंद्रासारखा बारीक टवका होता. समोरच्या पातीलाही होता. त्याच जागी, तसाच.

माझाच टर्बो. धुऊन, ब्लास्टिंगने साफ करून, प्लेट चिकटवून मलाच अडीचपट भावाने विकलेला.

गॅरेजवर जाऊन भांडलो. तो शांतपणे म्हणाला, बिलात दाखवा कुठे लिहिलंय बॉल बेअरिंग. नव्हतंच लिहिलेलं. तक्रार केलीये, बघू. तुम्ही टर्बो बदलणार असाल तर आधी लीक टेस्ट तुमच्यासमोर करून घ्या, खोका तुमच्यासमोर फुटू दे, मॉडेल आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, आणि जुना पार्ट सोडू नका, बदल्यात द्यायचा असेल तर निदान त्यावर पंचने खूण करून फोटो काढा.

होस नवा टाकला, खर्च सांगण्यासारखाही नाही. टर्बो तोच आहे, मस्त चालतोय. प्लेट मात्र मी काढून टेबलाच्या खणात ठेवलीये.